‘काही हरकत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला

एका वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडक्यात:

हे गृहस्थ त्रेचाळीस वर्षांचे, राहायला निगडीत. भोसरी एमआयडीसीत त्यांचं बारा माणसांचं मशीन शॉप आहे. वडील गेल्यावर वर्षभरातच धाकट्या भावाने दोन मशीन नेऊन वेगळा धंदा थाटला. त्यानंतर यांच्या छातीत आवळल्यासारखं होऊ लागलं. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट सगळं नॉर्मल आलं, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी कर्वे रोडवरच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. गेले अकरा महिने ते दर गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, तिथे जात होते. आवळणं बरंच कमी झालं, झोप लागू लागली. पण गणपतीच्या दिवसांत मॅडमनी अर्धा तास आधी व्हॉट्सअ‍ॅपवर सेशन रद्द केलं, तेव्हा हे नळ स्टॉपपर्यंत पोचले होते. पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यांच्या ‘बहिणी’बद्दल विचारलं. त्यांना बहीणच नाही. ते काही बोलले नाहीत. त्यानंतरचे तीन गुरुवार ‘डिस्पॅच आहे’ असं कळवून टाळले. बायको म्हणते, “आम्हाला सांगत नाहीस ते तिला सांगतोस.” मेव्हणा म्हणतो, पैसे घेऊन ऐकणाऱ्या माणसाशी कसलं आलंय नातं. आणि ते स्वतः विचारतात: “मी स्वतःच्या पायावर उभं राहायला गेलो होतो. आता आणखी एका माणसाची सवय लागली. ही कुबडीच नाही का? थेरपी बंद करू, दुसरीकडे जाऊ, की माझं मीच बघू?”

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि ‘काही हरकत नाही’ या शब्दांखाली रेघ मारत गेले. पाच रेघा झाल्या. वडिलांनी आजारपणात कारखान्याच्या किल्ल्या धाकट्याच्या हातात दिल्या, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, काही हरकत नाही. भाऊ मशीन घेऊन निघाला तेव्हा त्याला म्हणालात. नव्वद दिवसांचं पेमेंट दीडशे दिवसांवर नेणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणालात. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवशी बायको माहेरी अडकली, तिला फोनवर म्हणालात. आणि गणपतीत, सिग्नलला गाडीत बसून, मॅडमना तेच टाइप केलंत, शेवटी हात जोडलेला इमोजी लावून.

पाचही वेळा तुमची हरकत होती. पत्रातल्या अक्षरावरूनही ती दिसते. त्या ओळींना पेन कागदात रुतलंय.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांच्या आधी मला हे बोलायचं होतं, कारण माझ्या मते तुमची थेरपी बिघडलेली नाही. ती आत्ता कुठे तुमच्या खऱ्या दुखण्यापाशी आली आहे, आणि नेमकं तिथेच तुम्ही डिस्पॅचचं कारण काढून बाहेर पडलात.

तुम्ही लिहिता, “मी स्वतःवर काम करायला गेलो होतो, पण अकरा महिने बोललो ते वडील, भाऊ आणि बायको यांच्याबद्दलच. माझा नंबर कधी?” हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. वैयक्तिक थेरपी म्हणजे आपल्याला सगळ्या नात्यांतून सुटं करून, धुऊन-पुसून टेबलावर ठेवणार आणि मग तपासणार, असं चित्र मनात असतं. माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते, म्हणून तुमच्याच भाषेत बोलते. जॉब, म्हणजे लेथवर घडवायचा तुकडा, टेबलावर पडलेला असतो तेव्हा सरळच दिसतो. लेथच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, बांधायचा, हळूहळू फिरवायचा आणि वर मोजायचा डायल टेकवायचा. काटा हलला की रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, ते कळतं. हे तुम्हाला मी काय सांगायचं! सकाळी दुर्गा टेकडीवर एकटे चालता तेव्हा तुम्ही शांत असता, समजूतदार असता, कुणावर राग नसतो. तिथे काटा हलतच नाही. तो हलतो भावाचा फोन आला की, बायकोचा आवाज बदलला की. वडील, भाऊ, बायको यांच्याबद्दल बोलताना अकरा महिने तुमचाच नंबर चालू होता. आता तर मॅडमही त्या यादीत आल्या. आधी तुम्ही नात्यांबद्दल सांगत होतात, आता त्या खोलीतच एक नातं फिरू लागलंय आणि डायल लागलेला आहे.

आता जरा लहान बाळांकडे वळते, पण विषय तुमचाच आहे. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. आई आणि काही महिन्यांचं बाळ समोरासमोर. आई आधी नेहमीसारखी हसते, बोलते. मग तिने काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी तिला हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, चिडतं. काहीच जमलं नाही की मान वळवतं आणि गप्प होतं. हा प्रयोग खूप गाजला. मला मात्र त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. चांगल्या, प्रेमळ जोड्यांतही आई आणि बाळ यांचा सूर वेळेच्या साधारण तीस टक्केच जुळलेला असतो. बाकीचा वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं यात जातो. आईला मोबाइलवर बोलताना बाळाचं रडणं ऐकू येत नाही, मग येतं, ती उचलून घेते. दिवसातून शंभरदा. बाळाचा विश्वास बसतो तो या उचलून घेण्यावर. आपण ओरडलो तर कुणी वळतं, तुटलेलं सांधता येतं, हे ते तिथे शिकतं.

तुम्ही लिहिलंय की वडील रागावले की आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत, आणि नवव्या दिवशी काही घडलंच नाही अशा थाटात “चहा घेतोस का” म्हणायचे. म्हणजे तुटताना तुम्ही पाहिलंत, सांधताना कधी पाहिलंच नाहीत. मधला भाग तुमच्या घरात नव्हता. मग मान वळवणं आलं आणि त्याला सभ्य नाव मिळालं: काही हरकत नाही. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्याही घरी कदाचित तो भाग नसेल. पण त्रेचाळिसाव्या वर्षी तुम्हाला तो शिकायचा असेल, तर पुस्तक वाचून येणार नाही. कुणाशी तरी तुटावं लागेल आणि तिथेच थांबावं लागेल.

म्हणूनच मानसोपचारात माणसं बदलतात कशाने, याचा शोध घेणारे अभ्यासक फिरून फिरून नात्यापाशी येतात. सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच लिहिलं होतं की वेगवेगळ्या पद्धतींच्या थेरपी साधारण सारख्याच उपयोगी पडतात, म्हणजे त्यांच्यात काहीतरी समान असणार. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये म्हटलं की ऐकणाऱ्याचा खरेपणा, त्याची समज आणि विनाअट स्वीकार यांतून माणूस बदलतो. मला सगळ्यात उपयोगी वाटते ती एडवर्ड बोर्डिन यांची १९७९ सालची मांडणी. थेरपीतल्या नात्याला त्यांनी तीन पाय दिले: कुठे जायचंय याबद्दल दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा धागा. २०१८ मध्ये २९५ अभ्यास, म्हणजे तीस हजारांहून जास्त माणसं, एकत्र करून पाहिलं तेव्हा हे नातं आणि उपचाराचं फळ यांचा सहसंबंध सुमारे ०.२८ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण). हा आकडा थोर नाही. नातं चांगलं म्हणजे सगळं झालं, असं तो म्हणत नाही. कौशल्य लागतं, काही आजारांत औषधं लागतात. पण पद्धत कुठलीही असो, हा दुवा सापडतोच. तुमच्या मेव्हण्यांनी ज्याला ‘कसलं आलंय नातं’ म्हटलं, ते नातं उपचाराच्या बाहेरची गोष्ट नाही.

मेव्हण्यांच्या पैशांच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण तो तुम्हालाही आतून टोचतोय असं दिसतं. फी तुम्ही वेळेची आणि शिक्षणाची देता. शिवाय तिचा एक मोठा फायदा आहे. समोरच्या माणसाचं तुम्हाला काही देणं उरत नाही. घरी तुम्ही ऐकलंत तर बायकोचंही ऐकायला हवं, तिचाही दिवस वाईट गेलेला असतो. इथे ते ओझं नाही. आणि तुम्ही काय करता? फी तर देताच, ती महिन्याच्या आधी देता. वर मॅडमच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करता, दिवाळीला चिवड्याचा डबा नेता, त्यांना वाईट वाटेल असं काही बोलत नाही. तुम्ही दोनदा पैसे भरताय. एकदा नोटांनी, एकदा शहाण्यासारखं वागून. दुसरी फी कुणी मागितलेली नाही. ती तुम्ही घरून घेऊन आलात, जशी गिऱ्हाइकाकडे, भावाकडे, सगळीकडे नेता तशी. ही सवय मॅडमसमोर बोलून दाखवलीत, तर माझ्या मते अकरा महिन्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं सेशन होईल.

आता त्या डिस्पॅचबद्दल. तुमचा कारखाना गुरुवारी बंद असतो. म्हणूनच तर तुम्ही गुरुवार घेतला होतात आणि हे मॅडमना अकरा महिने माहीत आहे. तरी तुम्ही तीनदा ‘गुरुवारी डिस्पॅच आहे’ असं कळवलंत. तुम्ही हुशार माणूस आहात, चांगलं कारण सापडलं नसतं असं नाही. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. तुमच्या मनातल्या एका कोपऱ्याला पकडलं जायचं होतं. कुणीतरी म्हणावं, “अहो, गुरुवारी कसला डिस्पॅच? काय झालंय?” लहानपणी त्या आठ दिवसांत असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि या वेळीही कुणी म्हणालं नाही. मॅडमनी तीनदा ‘ओके, पुढच्या आठवड्यात भेटू’ असंच उत्तर दिलं.

इथे मी मॅडमची बाजू घेणार नाही. ऐनवेळी रद्द करणं कधीकधी टळत नाही, बहिणीचा घोळ कुणाकडूनही होतो. पण अकरा महिने एकही गुरुवार न चुकवणारा माणूस सलग तीनदा येत नाही, तेही त्या दोन चुकांनंतर लगेच, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. ते काम त्यांचं आहे. आमच्या व्यवसायातली ही जुनी ठेच आहे. १९०० साली व्हिएन्नामध्ये अठरा वर्षांची एक मुलगी सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे उपचाराला येत होती. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, आज शेवटचा दिवस असं सांगून ती निघून गेली. पाच वर्षांनी ती केस ‘डोरा’ या टोपणनावाने छापताना फ्रॉइड यांनी कबूल केलं की तिचा ट्रान्सफरन्स त्यांना वेळेत ओळखता आला नाही. ट्रान्सफरन्स म्हणजे, आधीच्या माणसांसाठीचा राग, माया, भीती समोरच्या उपचार करणाऱ्यावर येऊन बसणं. आज ती केस वाचताना मला तर वाटतं, त्यांनी तिचं नीट ऐकूनच घेतलं नव्हतं. ती गेली यात तिचं काही चुकलं नाही. पण तुमच्याकडे तिच्यापेक्षा जास्त मोकळीक आहे, वयाची आणि काळाचीही. तुम्ही परत जाऊन ‘मला राग आला’ असं म्हणू शकता.

तेच करा, असा माझा सल्ला आहे. थेरपी चालू ठेवायची की नाही हा निर्णय त्यानंतर. आधी एक सेशन फक्त यासाठी घ्या.

मेसेज छोटा ठेवा. सगळं मोबाइलवर लिहून मोकळं व्हावंसं वाटेल, तसं करू नका, कारण मग समोर बसल्यावर पुन्हा ‘काही हरकत नाही’ निघेल. इतकंच पुरे: “मॅडम, येत्या गुरुवारी येतोय. मागच्या तीन गुरुवारांची कारणं खरी नव्हती. त्याबद्दलच बोलायचंय.” हा मेसेज गेला की मागे फिरणं अवघड होईल, आणि तेच हवंय. तिथे काय म्हणायचं ते कागदावर लिहून न्या, हवं तर वाचून दाखवा, त्यात कमीपणा नाही. तुमच्याच पत्रातली वाक्यं मी जोडून देते: “तुम्ही ऐनवेळी रद्द केलंत तेव्हा मला राग आला. मग तुम्ही माझ्या बहिणीचं विचारलंत. मला बहीण नाही. मला वाटलं, अकरा महिने मी जे बोललो ते तुमच्या लक्षातच नाही. आणि मी नेहमीसारखा गप्प बसलो.” शेवटचं वाक्य गाळू नका. पहिली तीन तक्रारीची आहेत, चौथं आणि पाचवं तुमचं स्वतःचं आहे.

बोलताना आवाज कापेल, घसा कोरडा पडेल. छातीत आवळलं तर तेही तिथल्या तिथे सांगा. गिळलेला राग आणि ते आवळणं यांचा संबंध मी इतक्या लांबून जोडणार नाही. पण ते नेमकं कुठल्या वाक्याला येतं हे तुम्हा दोघांना एकत्र बघता आलं, तर पुढच्या कित्येक महिन्यांचं काम तिथेच सापडेल.

समोरून काय येईल? चांगली थेरपिस्ट सबबी सांगत बसणार नाही. ती चूक मान्य करेल, तुम्हाला कसं वाटलं ते सविस्तर विचारेल आणि हे असं आधी कुठे कुठे झालं होतं, ते तुमच्याबरोबर शोधेल. या क्रमानेच. चूक मान्य न करता थेट “तुम्हाला तुमच्या वडिलांचा राग आलाय” असं म्हणणं हा पळ काढणं झालं. बहिणीचा घोळ वडिलांनी घातलेला नाही.

माझी एक आठवण सांगते, तपशील बदलून. मला हे काम करताना आठ-नऊ वर्षं झाली होती. एक बाई मुलाच्या जाण्यानंतर माझ्याकडे यायच्या. एका दुपारी बोलता बोलता मी त्या मुलाचं नाव चुकवलं. दुसऱ्याच कुणाच्या मुलाचं नाव माझ्या तोंडून गेलं. त्या उठल्या नाहीत. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाल्या, “तुम्हाला माझ्या मुलाचं नावसुद्धा लक्षात नाही.” मला ती खोली, बाहेरच्या रिक्षाचा आवाज, सगळं आठवतं. मी म्हणाले, “नाही राहिलं. माझी चूक झाली, आणि ती लहान नाही.” त्या खूप वेळ रडल्या. मग रागाने बोलल्या: नातेवाईक त्याचं नाव घ्यायचं टाळतात, नवरा टाळतो आणि आता तुम्हीही. सहा महिने त्या माझ्याशी दुःखाबद्दल बोलत होत्या, राग त्या दिवशी पहिल्यांदा आला. पुढच्या वेळी त्या त्याची सहावीतली भूगोलाची वही घेऊन आल्या आणि आम्ही ती पान-पान बघितली. माझ्या चुकीचं मी समर्थन करत नाही. ती झाली नसती तर बरं झालं असतं. पण त्या गप्प बसून यायच्या बंद झाल्या असत्या, तर त्यांच्या आयुष्यात नाव टाळणाऱ्यांच्या यादीत फक्त एक माणूस वाढला असता.

सोडण्यासारखी वेळ असते का? नक्की असते, आणि हे तुमच्याबरोबर इतर वाचकांसाठीही लिहिते. तुम्ही हे सगळं सांगितल्यावर मॅडम चिडल्या, “तुम्ही फार हळवे आहात” म्हणाल्या किंवा अबोला धरल्यासारख्या वागल्या, तर दुसरीकडे जा. तीन-चार सेशन बोलूनही काही सांधलं जात नाही, कुठे जायचंय यावरच एकमत होत नाही, तरीही जा. मात्र शेवटचं एक सेशन घेऊन, निरोप घेऊन जा. न सांगता गायब होण्याचा सराव तुमच्याकडे भरपूर आहे. काही गोष्टींत तर निरोपही घेत बसू नका. थेरपिस्ट स्वतःची गाऱ्हाणी तुम्हाला सांगू लागली, उसने पैसे किंवा धंद्यातली मदत मागू लागली, तुमचं बोलणं दुसऱ्यांना सांगू लागली, लगट करू लागली, तर त्याच दिवशी थांबा. गोपनीयता हा उपकार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तो उपचार घेणाऱ्याचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय की “गैरसमज नको, तसलं काही नाही.” माझा गैरसमज झालेला नाही. आणि समजा कुणाच्या मनात ‘तसलं’ काही आलंच, तरी ते तिथेच बोलायचं असतं. मर्यादा सांभाळायची जबाबदारी कायम उपचार करणाऱ्याची असते.

आता कुबडी. हा शब्द तुम्ही चार वेळा वापरलाय. तुमच्या मनात वाढणं म्हणजे कुणाची गरज न लागणं असं पक्कं बसलंय, आणि मला ते मुळात मान्य नाही. जॉन बोल्बी यांनी आयुष्यभर लहान मुलांच्या जवळिकीचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं होतं, परतायला भरवशाची जागा असली की मूल लांबवर जाऊन खेळतं. हे मोठ्यांनाही लागू आहे. तुम्ही सोळा वर्षं एकट्याच्या खांद्यावर कारखाना ओढलात, ते स्वतःच्या पायावर उभं राहणंच होतं. त्यानेच तर छाती आवळली.

आपल्याकडचे एक मोठे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये असा विचार मांडला होता की गुरू आणि चेला यांचं नातं भारतीय माणसासाठी उपचाराचा नमुना ठरू शकेल. पश्चिमेकडच्या थेरपीत स्वायत्ततेवर जो भर असतो, तो आपल्याकडे जसाच्या तसा बसत नाही, कारण कुणावर विसंबणं आपल्याकडे लाजिरवाणं मानलं जात नाही. मला हे निम्मं पटतं. विसंबण्याला आजार म्हणू नये, हे पूर्ण पटतं. पण गुरूला “तुम्ही चुकलात” म्हणायची सोय त्या नात्यात फारशी नसते. आणि तुमचं नेमकं तिथेच अडलंय. वयाने लहान असलेल्या बाईंना तुम्ही नकळत गुरूच्या आसनावर बसवलंत. मग चूक दिसल्यावर दोनच वाटा उरल्या, मान खाली घालणं किंवा आश्रम सोडणं. तिसरी वाट समोरासमोर बसून भांडण्याची आहे.

आता बायकोच्या वाक्याकडे येते, कारण तुम्ही ते घाईने लिहून पुढे गेलात. ती म्हणाली, “आम्हाला सांगत नाहीस ते तिला सांगतोस.” ‘मला’ नाही म्हणाली, ‘आम्हाला’ म्हणाली. तीसुद्धा मुलांच्या मागे उभी राहून बोलली. तुमच्या घरात हरकत गिळणारे तुम्ही एकटे नाही.

तिची तक्रार रास्त आहे. ऑगस्टमध्ये मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा “गुरुवारी मॅडमना सांगेन” हा विचार पहिला आला, असं तुम्हीच लिहिलंय. थेरपीची खोली सरावासाठी असते. तिथे जमलेलं घरी यायला हवं, नाहीतर तुम्ही आठवड्यातून एक तास मोकळे आणि बाकी सगळे तास बंद, असे होऊन बसाल. पुढची चांगली बातमी आली की घरी जाऊन, पायातले बूट काढायच्या आधी, तिला सांगा. आणि त्या पंधराव्या वाढदिवसाचंही सांगा: “मला तेव्हा वाईट वाटलं होतं, मी बोललो नाही.” ती म्हणेल, आत्ता काय काढतोयस ते. म्हणू दे. मग विचारा, तुझं असं काही राहिलंय का. उत्तर लगेच मिळणार नाही, आठवड्याने कपडे वाळत घालताना मिळेल. तेव्हा मोबाइल खाली ठेवा. एक पथ्य मात्र पाळा. “मॅडम म्हणतात की...” अशी सुरुवात करू नका. घरात तिसरं माणूस आणून बसवल्यासारखं होतं. दोघांनी मिळून बसावंसं वाटलं, तर आधी मॅडमशी बोला. काही जणी एखाद्या सेशनला जोडीदाराला बोलावतात, काही जोडप्यांसाठी दुसऱ्या थेरपिस्टचं नाव देतात.

आणि घर लगेच खूश होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. एक माणूस बदलला की बाकीच्यांच्या जागा हलतात. पुण्यातल्या मुक्तांगणमध्ये, १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या या संस्थेत, व्यसन सोडायला आलेल्या माणसाच्या बायकोसाठीही वेगळा गट चालतो. इतकी वर्षं एका तऱ्हेने जुळवून घेतलेलं असतं, ते नव्याने जुळवायला तिलाही सोबत लागते. तुमचा प्रश्न व्यसनाचा नाही. पण ‘काही हरकत नाही’ म्हणणाऱ्या माणसाभोवतीही एक अख्खं घर जुळवून घेतलेलं असतं. तुम्ही पहिल्यांदा “मला हरकत आहे” म्हणाल तेव्हा भाऊ दुखावेल, गिऱ्हाईक चकित होईल. तेव्हा घाबरून जुन्या वाक्याकडे पळावंसं वाटेल. म्हणून तर मॅडमकडे आधी सराव करायचा.

ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. छातीत दुखलं तर आधी हृदय तपासून घ्या, यांनी घेतलं तसं. समुपदेशकाला शिक्षण किती, अनुभव कसला, हे पहिल्याच भेटीत विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तीही विचारता येते. लगेच कुणी सापडत नसेल किंवा फी परवडत नसेल, तर सरकारचा टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तुम्ही मात्र तो दोन ओळींचा मेसेज आजच पाठवा. आज सोमवार आहे. गुरुवारी कारखाना बंदच आहे. निगडीहून जरा लवकर निघा, म्हणजे नळ स्टॉपला अडकलात तरी वेळेवर पोचाल. आणि या वेळी चिवड्याचा डबा नेऊ नका.